जुन्यातलं उत्तर

उदयला बागेत फुरसं हा विषारी साप चावला, तेव्हा नीलाक्षीने फोनला विचारलं की सापाच्या विषावरची लस कुठे मिळेल. फोन गोड आवाजात म्हणाला, "घाबरू नका, फुरसं बिनविषारी असतं," आणि त्याने सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात लावली. यंत्रांनीच लिहिलेला मजकूर यंत्रं वाचायला लागल्यापासून इंटरनेटवरचा शोध असाच नासला होता. म्हणून जाणती माणसं 'जुना' वापरायची. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी होता तसा गोठवून ठेवलेला शोध. नंतरची एकही ओळ त्यात शिरली नव्हती.

जुन्यात एकच उत्तर आलं: आंबेखोल सरकारी दवाखाना, लस उपलब्ध. ती साधी, कोरडी ओळ वाचून तिला रडू आलं.

या भागात दोघं नवीनच होती. घाट उतरून तिने गाडी आंबेखोलच्या फाट्याला वळवली आणि करकचून ब्रेक दाबला. डांबरी रस्ता सरळ धरणाच्या पाण्यात उतरत होता. पुढे विजेच्या खांबांची टोकं तेवढी वर दिसत होती.

उत्तर खोटं नव्हतं.

मागच्या सीटवर उदयच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. "आलं का गं?" त्याने विचारलं.

"आलंच," नीलाक्षी म्हणाली. "घाबरू नकोस. फुरसं बिनविषारी असतं."