दीडशेला चार मिलिमीटर कमी

आमगावच्या त्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या: एकशे एकोणपन्नास सेंटिमीटरवर रेणूची आणि एकशे त्रेपन्नवर तिच्या आईची, जमुनाबाईंची. वनरक्षक भरतीला दीडशे लागत.

तेविसाव्या वर्षी हाडं वाढत नाहीत, हे बीएस्सी झालेल्या रेणूला पक्कं ठाऊक होतं. तरी ती रोज सकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून दणादण पॉवर योगा करायची. जमुनाबाई शेजारी बाजेवर तांदूळ निवडत बसायच्या.

"फरशी फोडून राहिली तू. वाघ पाहूनच पळंल तुले."

तिसऱ्या आठवड्यात रेणू सहा मिलिमीटर वाढली. तिने तीनदा मोजलं आणि खोलीभर नाचली.

"काऊन वं, मिठाची बरणी वर कायले ठेवली?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात नाही पुरून राहिला."

बरणी रोजच्याच फळीवर होती. रेणूने हसत हसत आईला चौकटीशी उभं केलं. टाचा टेकवल्या, अंबाडा सोडला, पुन्हा मोजलं. आई आपल्या रेघेच्या सहा मिलिमीटर खाली होती.

रेणूने मॅट गुंडाळून टाकली.

"सोमवारी मोजणी हाय ना? पसर थे," आई म्हणाली.

"आई, नको."

"मले कोन्त्या भरतीले जायाचं हाय?" जमुनाबाईंनी स्वतःच व्हिडिओ लावला आणि हसत बाजेवर जाऊन बसल्या.

अर्ध्या तासाने रेणूने दोघींची उंची मोजली. तिची दीडशे. आईची एकशे बावन्न.