कोणाले सांगू नका

सुलतानपूरच्या शाळेत नववीच्या मराठीची तोंडी परीक्षा चालू होती आणि वर्गात कोणीच नव्हतं. सगळे रस्त्यावर होते.

धडा वाचून दाखवायची जुनी पद्धत नारायणराव मास्तरांनी बंद केली होती. ती ऐकताना त्यांनाच झोप यायची. या वर्षी त्यांनी दवंडी ठेवली. बातमी खरी होती : उद्या सकाळी शाळेत लहान मुलांना देवीची लस टोचणार. खोटं बोलायचं नाही, आणि ज्याच्या बोलण्यानं माणसं घराबाहेर येतील तो पास.

बुलढाण्याहून आलेले तपासणीचे साहेब निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. गुणपत्रक त्यांच्या मांडीवर. असली परीक्षा नियमात बसते का, हे ते आज ठरवणार होते. बसत नाही, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं.

इंद्रभाननं गोडेतेलाचा रिकामा डबा बडवला. "ऐका हो ऐका! देवीची लस!" गल्लीतली दारं धडाधड लागली. त्याच्या मागचा पोरगा आणखी जोरात ओरडला, तेव्हा उघडी राहिलेली दारंही लागली. लस टोचणाऱ्याचं नाव काढलं की गावातल्या आया लेकरं कणगीत लपवत.

साहेब प्रसन्न दिसू लागले.

मास्तरांनी डबा सिंधूपुढे धरला. तिनं हात मागे घेतले.

"मी नाई वाजवत, गुरुजी. गावानं सांगितलं म्हणून आमच्या आज्यानं जिंदगीभर डफडं वाजवलं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बाबानं ते खाली ठेवलं. अन् आता मी उचलू?"

डबा मास्तरांच्या हातात तसाच राहिला. परीक्षा काढताना त्यांनी सगळा विचार केला होता, नेमका एवढाच राहून गेला होता.

"मग शून्य," साहेब म्हणाले आणि शाईनं लिहिलं. तोंडी गेली म्हणजे वर्ष गेलं.

"माणसंच जमवाची ना?" सिंधू म्हणाली. "डबा वाजवलाच पाह्यजे, असं तर गुरुजी बोलले नाई."

समोरच्या ओट्यावर मंजुळाबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. सिंधू तिच्याजवळ गेली, इकडेतिकडे पाहिलं, हळूच काहीतरी बोलली आणि परत येऊन रांगेत उभी राहिली.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"हो जी."

"बोललीस काय?"

"खरं तेच. उद्या शाळेत देवीची लस हाये, तुमच्या नातवाले पहिले आणा. अन् कोणाले सांगू नका."

मंजुळाबाई सूप तसंच टाकून जनकाबाईकडे गेली. जनकाबाई मागच्या दारानं आणखी कुठे गेली. साहेबांचा चहा गार व्हायच्या आत शाळेच्या फाटकाशी कडेवर लेकरं घेतलेल्या बायांची गर्दी झाली.

"गुरुजी, आमच्या पोराचं नाव पहिले लिहा!"

"तुले कोणं सांगितलं व?"

"तुले कोणं सांगितलं?"

सर्वांत शेवटी पाटलीणबाई आल्या, त्या तणतणतच. "गावाले ठाऊक, अन् मलेच कोणी सांगितलं नाई!"

मास्तर साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी चष्मा पुसला.

"गर्दी कबूल. पण तोंडी परीक्षेत आवाज ऐकू यायला हवा. मला काही ऐकू आलं नाही. शून्य राहील."

ते मेहकरच्या बसमध्ये चढले. फाटा मागे पडल्यावर कंडक्टर तिकीट फाडता फाडता त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब, घरी लहान लेकरू हाये का?"

"का हो?"

"उद्या सुलतानपूरच्या शाळेत देवीची लस हाये. पहिले घेऊन या. पण कोणाले सांगू नका."

"नाही सांगत," साहेब म्हणाले, आणि धक्के खात त्यांनी सिंधूच्या नावापुढचं शून्य खोडलं.