मागच्या सीटचं दार

"दोन दारांची लाल घ्या, शेठ. बाजारपेठेत शिरली की समदं मंचर बघत ऱ्हाईल," गोकुळ म्हणाला आणि बाहीनंच लाल गाडीचं बॉनेट पुसलं.

घेवरचंदांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी दुकान उघडून त्यांनी पांढऱ्या सुती कापडाचं ठाण काढलं, हवं तेवढं फाडून घडी घातली आणि लेकीला, चेतनाला घेऊन ते इकडे आले होते. जन्म कापड फाडण्यात गेला, पण आज हात दुखत होता.

लग्नसराईत भाड्यानं द्यायला गोकुळनं दोन भारी गाड्या ठेवल्या होत्या. एक लाल, बसकी, दोन दारांची, टप उघडणारी. दुसरी काळी, लांबलचक, चार दारांची. उद्याच्या मिरवणुकीला यातली एक ठरवायची होती. थोरल्या मुलानं, पारसनं 'लालच आणा' म्हणून बजावलं होतं. त्याचं काय जातंय, तो पुढे नाचणार! बायकोचे, कंचनबाईंचे गुडघे मात्र काळीच्या बाजूनं होते.

घेवरचंदांना गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त लेकीच्या तोंडून एकदा 'मला ही हवी' असं ऐकायचं होतं. वर्षभरात चेतनानं काहीच मागितलं नव्हतं. साड्या आईनं बळंच घेतल्या. स्कूटर तर तिनं निरगुडसरच्या मैत्रिणीला देऊनही टाकली. लेक उद्या जाणार आणि बापाकडून तिला काहीच नको, हे त्यांना फार लागलं होतं.

"ताई लई वाळल्यात," गोकुळ हळूच म्हणाला. "लग्न ठरलं की पोरी जेवायच्याच बंद व्हत्यात."

"उपास चाललेत तिचे."

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"एका गावचे नाहीत. सारखे फिरतीवर असतात."

"मंग दाराशी गाडी असंलच."

"तिकडे गाडी लागत नाही," घेवरचंद म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

कुणालाही समजावून सांगायचा त्यांना कंटाळा आला होता. दोन वर्षं ते स्वतःच नाही म्हणत होते. रागावून झालं, अबोला धरून झाला, पुण्याच्या मामांना मध्ये घालून झालं. पोरगी जागची हलली नाही. शेवटी दिवाळीत ते थकून हो म्हणाले, तर तेव्हापासून भेटेल तो 'तुम्ही हो म्हणालातच कसे' म्हणून अक्कल शिकवत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

गोकुळनं लाल गाडीची पुढची सीट वाकवली आणि चेतना अंग चोरून मागे जाऊन बसली.

"उद्या तुमी अन् आई इथं मागं. शेठ पुढं. मी चालवणार," गोकुळ म्हणाला.

"आणि मला उतरायचं असेल तर?"

"मंग शेठनी आधी उतरायचं अन् सीट वाकवायची. की तुमी मोकळ्या."

चेतना बाहेर आली आणि काळ्या गाडीत जाऊन बसली. तिनं मागचं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"हिचं तेवढं बरंय," गोकुळ म्हणाला. "ज्याचा तो उतरतोय. कुणाचा कुणाला तरास न्हाई."

घेवरचंद खिडकीपाशी वाकले. "कुठली आवडली तुला?"

"तुम्ही म्हणाल ती, पप्पा."

त्यांचा धीर सुटला. "अगं, एकदा तरी काही माग! उद्यापासून कुठं मागणार आहेस माझ्याकडे?"

चेतना सीटवरून हात फिरवत राहिली. लहानपणी दुकानाच्या टेम्पोत खिडकीच्या जागेसाठी पारसचे केस ओढणारी हीच ती पोरगी.

"मला ही हवी," ती म्हणाली. "काळी."

"का गं?"

"लाल गाडीत मला वाट द्यायला तुम्हाला उठावं लागेल. दोन वर्षं तेच करायला लावलं मी तुम्हाला. उद्या तुम्ही बसूनच राहा."

घेवरचंदांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बापाला जे हवं होतं, ते मिळालं. आता ते घेऊन करायचं काय, ते कळेना.

"काळी," ते गोकुळला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँड वाजत होता आणि पारस घामाघूम होऊन नाचत होता. चेतना लाल शालूत, मेंदीभरल्या हातांनी, आईच्या हट्टापायी अंगभर दागिने घालून बसली होती. कंचनबाईंनी तिचा हात घरापासून सोडला नव्हता. गाडी मांडवापाशी थांबली तसा गोकुळ मान उंच करून बघू लागला.

"नवरदेव दिसंना कुठं, शेठ?"

घेवरचंदांनी नुसतं समोर बोट केलं. व्यासपीठावर पांढऱ्या वस्त्रांतल्या जैन साध्वी बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे काल फाडलेलं ते पांढरं कापड ठेवलेलं होतं. चेतनानं आईच्या हातातून हात सोडवला. चपला गाडीतच काढल्या. मग आपलं दार आपणच उघडून ती दीक्षा घ्यायला अनवाणी निघाली, आणि यापुढे जन्मात ती कुठल्याच गाडीत बसणार नव्हती.