काकूंचं वाक्य

“नमस्कार!” यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं आणि सभागृहात हशा पिकला.

“आमच्या हिला माणसांची हौस फार,” सर माईकवर म्हणाले. पुन्हा हशा. विद्यापीठाच्या संगणक संशोधन संस्थेचे संचालक आज भलतेच खुशीत होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांची बायको होती; विद्यार्थी तिला काकू म्हणायचे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची वाचा गेली होती, हातपाय गेले होते. उरले होते फक्त डोळे. समोरच्या पडद्यावरच्या अक्षराकडे ती बघायची, कॅमेरा तिची नजर टिपायचा, आणि पुढचं सगळं वाक्य यंत्र अंदाजानं पुरं करून बोलून टाकायचं. इतक्या झपाट्यानं बोलणारं यंत्र आजवर कुणी बनवलं नव्हतं. यंदाच्या स्पर्धेचं मोठं बक्षीस संस्थेलाच मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते.

मंचाच्या कडेला आडोशाला बसलेली विद्यार्थिनी मात्र हसली नव्हती. अंदाज बांधायचा भाग तिनंच लिहिलेला. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढते म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे शंकासुर म्हणायचे. तिच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर काकूंनी खरोखर निवडलेली अक्षरं उमटत होती. तिन्ही वेळा एकच अक्षर आलं होतं. न. बाकीचा नमस्कार यंत्राचा होता.

आणि दर नमस्कारानंतर काकूंची नजर ‘खोडा’ लिहिलेल्या चौकोनावर जाऊन आपटत होती. पण बोलून झालेलं खोडता येत नव्हतं. बोलण्याआधी खोडण्यापुरती उसंत ठेवली की वेग कमी व्हायचा, म्हणून तिनंच ती काढून टाकली होती.

“दादा, काकू काहीतरी वेगळंच म्हणतायत,” ती कुजबुजली.

प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना विद्यार्थी, म्हणून सगळ्यांचा दादा. त्यानं मान वळवलीसुद्धा नाही. “एवढं संपेपर्यंत गप्प बस. तुझी पीएचडी, माझी नोकरी, सरांची अब्रू, सगळं यावर लटकलंय. हात लावू नकोस.”

सर काकूंकडे वाकले. “बोल, आज कसं वाटतंय?”

म. ला.

“मला खूप आनंद होतोय!” यंत्र म्हणालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पहिल्या रांगेत कुणीतरी रुमाल काढला. “आनंदाश्रू,” सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःचेही डोळे पुसले.

विद्यार्थिनीनं अंदाज बंद केला.

यंत्र मुकं झालं. सरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

“अंदाज बंद केलाय, सर.” ती आडोशातूनच म्हणाली. “आता काकू जेवढं निवडतील तेवढंच येईल.”

“कुणाला विचारून?” सर दबक्या आवाजातच म्हणाले, पण माईक चालू होता. दादानं कपाळावर हात मारून घेतला.

“सर, तुमची वेळ मोजली जातेय,” मुख्य परीक्षक बाईंनी हातातलं घड्याळ दाखवलं.

काकूंची नजर हलली. न. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. को.

“नको,” यंत्र कोरडेपणानं म्हणालं.

“काय नको? पाणी? उजेड डोळ्यांवर येतोय का?” सर गडबडले.

ऑ. प. रे.

सरांचा चेहरा उतरला. काकूंनी मात्र एकही अक्षर गाळलं नाही.

“ऑपरेशन.”

“पण तू तर हो म्हणालीस!” सर भर सभेत बोलून गेले. “डॉक्टरांसमोर. जमलं तर हात हलेल, फसलं तर नजरही जाईल, हे सगळं ऐकून तू म्हणालीस, मला ऑपरेशन करायचं आहे. याच यंत्रातून म्हणालीस. परवा तारीख आहे.”

विद्यार्थिनी आडोशातून बाहेर आली.

“सर, त्यातलं ‘आहे’ यंत्रानं लावलं असणार. ज्यांच्या वाक्यांवर आपण त्याला शिकवलं, ती माणसं बहुतेक वेळा ‘आहे’च म्हणतात. आणि आपल्या बोलण्यात ‘नाही’ शेवटी येतं, सर. काकूंना शेवटापर्यंत मी पोचूच दिलं नाही.”

सर काकूंसमोर गुडघे टेकून बसले. यंत्र यायच्या आधी दोघं पापण्यांनी बोलायचे. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. यंत्र आलं, आणि तसं विचारायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

“खरं का गं?”

काकूंनी पापण्या मिटल्या. एकदाच.

परीक्षक बाईंनी घड्याळ बंद करून टेबलावर उलटं ठेवलं.

सरांनी खिशातून फोन काढला. डॉक्टरांचा नंबर लावला.

“परवाचं ऑपरेशन करायचं नाही, डॉक्टर... नाही, मी नाही ठरवलं. तिनं.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. उत्तर सरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि काकूंकडे वळले.

“का, म्हणून विचारतायत. काय सांगू?”

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. फोन कानाला तसाच धरून सर पहिल्या अक्षराची वाट बघत राहिले.