रावसाची जागा

"रावस संपला म्हणे. समुद्र काय तुझ्या कॉलेजातल्या टाकीएवढा आहे?"

मच्छीमार संस्थेच्या हॉलमध्ये हशा पिकला. ती नकाशापाशी उभी होती. बाकी सगळे बसले होते. तिला 'बस' म्हणायचं सौजन्य कुणी दाखवलं नव्हतं. चेअरमन तर तिचा सख्खा मामा, पण त्यानेही नाही.

रावसांच्या पोटात नखाएवढी यंत्रं बसवून ती काही वर्षं त्यांच्या मागावर होती. उन्हाळ्यात मासे किनारभर विखुरलेले असत. थंडी पडली की उरलेसुरले सगळे अंडी घालायला एकाच जागी जमत. ती जागा तिने नकाशावर दाखवली नव्हती. मासेमारीबंदीचा हुकूम निघेपर्यंत कुणाला सांगायची नाही, हा नियम तिनेच भांडून करून घेतला होता. जागा आधी फुटली असती, तर रावसाचं बीसुद्धा उरलं नसतं.

"आमच्या पोटावर पाय देतेस आणि वर बंदीला आमचीच संमती मागतेस?" मागून कुणीतरी ओरडलं.

ती शिव्या खायची तयारी ठेवूनच आली होती. कातडी जाड करून उभं राहायचं, एवढंच काम होतं.

मग मामा उठला. "आमच्या दाजींचंही हेच. म्हणायचे, रावस कुठे लपतो ते मला ठाऊक आहे. जन्मभर होडी रिकामीच आणली. खाण तशी माती. बाप थापाड्या, लेकही थापाडी."

तिच्या बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिला स्वतःला काहीही बोला, बापाला नाव ठेवलं की ती पेटायची. घरात सगळ्यांना हे माहीत होतं.

"थापा?" तिने पेन उचललं. "हे बेट. त्याच्या मागचा हा खड्डा. बाबा हीच जागा सांगायचे. आत्ता जाऊन बघा, सगळा रावस तिथेच आहे."

नकाशावर लाल गोल उमटला.

कुणी हसलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. मागच्या रांगेतले दोघं उठून बाहेर गेले. मग आणखी काही जण, मग मामा सोडून सगळेच. धक्क्यावर पहिल्या बोटीचं इंजिन सुरू झालं, तेव्हा कुठे तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

मामाने आपली खुर्ची उचलली आणि तिच्यामागे आणून ठेवली. त्याचा आवाज आता अगदी मऊ होता.

"बस आता, बाळ. मघापासून उभी आहेस."