मास्तर गेले

"'गेले' म्हणजे परगावी गेले, बाई! परगावी!" साहेबांनी कपाळावर हात मारला. "आणि तू सरळ श्रद्धांजली टाकून मोकळी?"

ती मान खाली घालून उभी राहिली. शहरभर महापालिकेचं मोफत वायफाय होतं. कुणीही मोबाइल जोडला की आधी तिने लिहिलेलं पान उघडायचं. पाणी कधी येणार, दवाखाना किती वाजता उघडणार, कुणाचं काय हरवलं. घरी इंटरनेट नसलेली अर्धी वस्ती त्या पानावर विसंबून होती. पानावर आलं म्हणजे खरंच असणार, अशी त्याची पत.

सोमवारी वाचनालयातून एका आजींचा निरोप आला होता. 'आम्हाला मोबाइल शिकवणारे मास्तर गेले. वर्ग बंद.' आजी नुकत्याच टाइप करायला शिकल्या होत्या, त्यामुळे कारभार आटोपशीर. तिने निरोप दोनदा वाचला आणि दहा मिनिटांत बातमी टाकली, फोटोसकट. त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

मास्तर डोळ्याचं ऑपरेशन करून बुधवारी परतले, तर वाचनालयात त्यांच्याच फोटोपुढे फुलं. त्यांना दारात बघून अर्धा वर्ग किंचाळला म्हणे.

"एक फोन करून खात्री करायची नाही?" साहेब म्हणाले. "ओळखतेस का त्यांना?"

"ऐकून आहे."

"मग जा. समोर बसून माफी माग आणि दुरुस्ती त्यांच्याच तोंडून लिहून घे."

जिना चढून ती मास्तरांच्या दारापाशी आली. बेल वाजवायला तिने तीनदा हात उचलला आणि तीनदा खाली घेतला. नुसती चूक असती तर एवढं लागलं नसतं. तिला स्वतःची लाज वाटत होती.

मास्तरांनी दार उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा. तिला पाहून ते दारातच थबकले.

"महापालिकेतून आलेय," ती म्हणाली. "त्या बातमीबद्दल."

"या. बसा."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

"हो. माझा नंबर जुनाच आहे." मास्तर शांतपणे म्हणाले. "बाकी लोकांनी छान लिहिलंय. एकशे बारा जणांनी. आजींनी तर मला देवमाणूस करून टाकलंय. एरवी म्हणायच्या, मास्तर फार खेकसतात."

तिला हसू आलं नाही.

"सगळं वाचलं मी. अक्षरं मोठी करून, पुन्हा पुन्हा. कुणाचं नजरेतून सुटलं तर नाही ना, म्हणून."

"मला माफ करा."

"ते बघू नंतर. दुरुस्ती घ्या. मास्तर जिवंत आहेत. वर्ग सोमवारपासून सुरू."

तिने मोबाइलवर लिहून घेतलं.

"आणि मूळ बातमीतही एक चूक आहे," मास्तर म्हणाले. "'त्यांच्या पश्चात' हे वाक्यच नाही. असं कसं राहिलं?"

"राहिलं," ती पुटपुटली.

"मग घाला आता."

"पण तुम्ही तर..."

"कधी ना कधी लागेलच. लिहा. त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे."

तिने लिहिलं. समोरची अक्षरं पुसट व्हायला लागली होती.

"तिचं नाव घालू का, बाबा?" तिने विचारलं.