मोनालीचा माग

"मावशी, पह्यले बस," हवालदार उत्तमसिंग म्हणाला आणि स्वतःच बाजेवर टेकला. "तुही मोनाली जिती हाये."

कौसल्याच्या हातातला कापूस तसाच राहिला. आत पडलेल्या तिच्या नवऱ्याचं, उकंडाचं खोकणंही थांबलं.

उत्तमसिंगने मग सावकाश सगळं सांगितलं. हरवलेल्या माणसांच्या आईबापांचे नमुने सरकारने गोळा केले, तेव्हा कौसल्याच्या गालाच्या आतून त्यानेच थुंकी घेतली होती. ती सरकारी कम्प्युटरात जाऊन बसली होती. मागच्या महिन्यात कळंबच्या एका दुकानात चोरी झाली. तुटलेल्या कुलपावरून घेतलेला नमुना थेट कौसल्याच्या थुंकीशी जुळला. आता मावशी काही गावाबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणजे लेकच, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"मशीन खोटं नाही बोलत, मावशी. माणसाच्या थुंकीत त्याचं सारं खानदान राह्यते."

पोरगी चोर निघाली याचं खरं तर वाईट वाटायला हवं होतं. कौसल्याला मात्र इतका आनंद झाला की तिने उत्तमसिंगच्या चहात दोनदा साखर घातली. त्या भल्या माणसाने तो पाक मुकाट्याने पिऊन टाकला.

मोनाली गेली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. गावातल्याच एका पोराशी लग्न करायचं म्हणत होती. उकंडा संतापला आणि पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस, असं म्हणून बसला. पोरगी उलट बोलली नाही. यवतमाळच्या एसटीत बसली ती बसलीच. तो पोरगा गावातच राहिला, वेड्यासारखा शोधत फिरला. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून उकंडाने लेकीचं नाव घेतलं नाही आणि पोटभर जेवलाही नाही.

यंदा बोंडअळीने उभी पऱ्हाटी फस्त केली. शेतातल्या कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. काडीवरच्या कापसाला मात्र मागणी होती. भगवानराव नावाचा व्यापारी यवतमाळहून काड्यांचे गठ्ठे आणि धुतलेला कापूस आणून देई. कौसल्या पूर्वी चिंतामणीच्या देवळापुढे विकायला वाती वळायची, त्याच हाताने ती काड्या वळू लागली. बोट जिभेला लावायचं, कापूस काडीवर फिरवायचा आणि टोकाला उलटा पीळ द्यायचा. हा पीळ तिच्या आईचा. गावात दुसऱ्या कुणाला तो येत नव्हता. मोनालीला शिकवून शिकवून ती थकली होती, पण तिलाही तो कधी जमला नाही.

थुंकी लावू नको, असं बजावून भगवानरावाने तिला पाण्याची वाटीही दिली होती. पण जन्माची सवय अशी कुठे सुटते? वाटीतलं पाणी चिमण्या पीत. काड्या पुढे जंतू मारायला भट्टीत तापवतात म्हणून भगवानरावही फार बोलत नसे. दवाखान्यात लागतात, एवढंच कौसल्याला माहीत होतं.

मग मोनालीची खबर येतच राहिली. राजूरला कोळशाच्या डेपोत चोरी झाली, तिथल्या नमुन्यात ती सापडली. केळापूरला एका घराच्या खिडकीवर सापडली. दोन्ही एकाच रात्री. पोरीले पाय हायेत का चाकं, म्हणून उत्तमसिंग डोकं खाजवू लागला.

"लहानपणीही अशीच पये," उकंडा आतून म्हणाला. "एका जागी कवा बसली ती?"

कौसल्या बघतच राहिली. त्याच्या तोंडून लेकीची गोष्ट ती किती वर्षांनी ऐकत होती. त्या दिवसापासून म्हातारा बाजेवरून उठला. शेतात जाऊ लागला, दुसरी भाकरी मागून घेऊ लागला. रात्री दाराला कडी घालू देईना. आली तर तिला ठोठवावं लागू नये, म्हणाला. कौसल्याला त्याचं हसू येई आणि भरूनही येई.

आणि एका सकाळी गावातल्याच कृषी केंद्राचं शटर फोडलेलं दिसलं.

सारा गाव जमला, सगळ्यांपुढे उकंडा. उत्तमसिंगने हातमोजे चढवले, कागदाचं लांब पाकीट फाडलं आणि आतून एक काडी काढली. कौसल्या त्याच्या अगदी शेजारी उभी होती. काडीच्या टोकाला कापूस होता. कापसाला उलटा पीळ होता.

उत्तमसिंगने ती काडी शटरच्या मुठीवरून नीट फिरवली.

"भाऊ," कौसल्याने हळूच विचारलं, "ह्या काड्या कुठून येतात?"

"यवतमाळहून. डब्बेच्या डब्बे येतात, साऱ्या जिल्ह्यात ह्याच. काहून, मावशी?"

"काई नाही. असंच इचारलं."

तेवढ्यात उकंडाने तिचा हात धरला. सगळ्या गावासमोर त्याने असा हात कधी धरला नव्हता.

"पोरगी गावापर्यंत आली वं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "घरी याले भेली असंन. माह्याच बोलण्याले भेली." मग तो उत्तमसिंगकडे वळला. "जुळंन ना गा, उत्तमभाऊ?"

"जुळंन," उत्तमसिंगच्या आधी कौसल्याच बोलली.

घरी आल्यावर ती काड्यांच्या ढिगापुढे बसली. कुठेच माग न लागलेल्या लेकीसाठी रडावं की इतके दिवस मिळालेल्या आनंदासाठी, तेच तिला कळेना. तिचं बोट पहिल्यांदाच आपणहून पाण्याच्या वाटीकडे गेलं.

चुलीपाशी उकंडा ताटं मांडत होता. त्याने तिसरं ताट पुसलं, आपल्या ताटाशेजारी ठेवलं.

"मोनालीले वांग्याची भाजी आवडे," तो म्हणाला. "नाही का वं?"

"आवडे," कौसल्या म्हणाली. तिने वाटी दूर सारली, बोट जिभेवर चांगलं ओलं केलं आणि पुढची काडी उचलली.